कोलंबसहून काष्टीला

कोलंबस, इंडियाना

ती. अण्णा व सौ. आईस,


आम्ही सगळे खुशाल. थंडी अजून हटलेली नाही. सूनबाई गोधडी सोडत नाही आणि तुमचा नातू गोधडी अंगावर घेत नाही.

अण्णा, तुम्ही फोनवर विचारलंत, त्या गावात मक्याशिवाय बघायला आहे काय? आहे. सगळी एका ड्रायव्हरची करणी.

इथले अर्विन मूळचे कापड दुकानदार. लोक विश्वासाने त्यांच्या तिजोरीत पैसे ठेवू लागले, त्यातून १८७१ साली बँक उभी राहिली. पुढे याच घरातल्या विल्यम अर्विन यांची गाडी हाकायला क्लेसी कमिन्स नावाचा पोरगा होता. त्याला इंजिनाचं वेड. मालकाने पैसे घातले आणि १९१९ साली कमिन्स इंजिन कंपनी निघाली. पण नफा दिसला थेट १९३७ साली! आपल्याकडे उसाचं बिल पंधरा दिवस लांबलं तर तुम्ही चावडी डोक्यावर घेता.

मालकाचा धीर सुटू नये म्हणून क्लेसीने १९२९ च्या नाताळात एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवलं आणि मालकालाच फिरवून आणलं. मग ती मोटार इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली. तेलाचा खर्च एक डॉलर अडतीस सेंट. मामांना सांगू नका, ते जीपला डिझेल इंजिन आहे म्हणून पुन्हा बढाया मारतील.

याच कंपनीने १९६२ साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला. त्यामुळे इथल्या भाजीच्या दुकानात मागून “काय राव, कोथिंबीर आली का?” ऐकू येतं, आणि वळून बघावं तर माणूस कोथरूडचा निघतो.

अर्विनांच्याच घरातले अर्विन मिलर आणखी पुढचे. गावाने शाळा बांधायची असली की वास्तुकाराची फी कंपनीच्या फाउंडेशनने द्यायची, अट एकच, वास्तुकार नामांकित हवा. म्हणून पन्नास हजार वस्तीच्या गावात अग्निशमन केंद्रसुद्धा बघायला पाहुणे येतात. वाचनालय आय. एम. पेई यांचं, पॅरिसच्या लूव्रचा काचेचा पिरॅमिड केला तेच. दारात हेन्री मूर यांची ब्राँझची कमान. सूनबाई म्हणाली, “ही गावाची वेस.” आई, नातू तिच्यातून दहादा आत-बाहेर करतो आणि दरवेळी नव्याने आल्यासारखा नमस्कार करतो.

हे सगळं इथे लिहून ठेवलंय, कुणी कुणाला कधी पैसे दिले तेसुद्धा. आपल्या काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजाराचं कुठे लिहून ठेवलंय? खिल्लाराचे दात बघून वय सांगणारे, रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरवणारे, शब्दावर बैल सोडणारे दलाल आता थकले. रुमालाखालच्या गोष्टीची पावती नसते, माणूस गेला की ती गेली.

तेव्हा अण्णा, येत्या शनिवारी वही घेऊन बाजारात जा. जुन्या दलालांना चहा पाजा, कोणतं बोट किती रुपयांचं ते विचारून लिहून घ्या. चहाचे पैसे मी पाठवतो.

आपला,
धाकटा