मांडव्याला उतरणाऱ्यांनी बसून राहावं

रायगडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की क्रूझ दिसते. क्रूझवरून मात्र रायगडचा किनारा कुणी पाहत असेल असं वाटत नाही, कारण त्या वेळेला आत जेवणाची रांग लागलेली असते. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा आम्हा अलिबागकरांचा ऊर भरून आला होता. सरखेल कान्होजी आंग्र्यांचं ठाणं कुलाबा किल्ल्यात, समाधी अलिबाग शहरात. तेव्हा आंग्र्यांच्या नावाची बोट गावाला लागली नाही तरी समोरून जाताना एखादा भोंगा तरी वाजवेल, एवढी माफक आशा होती. ती दुपारी मुंबई सोडायची आणि नाकासमोर गोव्याला जायची. कान्होजींच्या वेळी असं कुणी गेलं असतं तर त्याचं गलबत कुलाब्याला आणून बांधलं असतं. दस्तक म्हणजे परवाना घ्या, पैसे भरा, मग खुशाल जा, असा सरळ हिशेब होता. तो इंग्रजांना आणि पोर्तुगीजांना फारच असभ्य वाटला. १७२१ साली दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. जाणाऱ्या-येणाऱ्याला शिस्त लावणारा तसा माणूस या किनाऱ्याला पुन्हा मिळाला नाही.

आंग्रियाच्या उद्घाटनाच्याच फेरीत एका अतिमहत्त्वाच्या प्रवाशाने सुरक्षेची हद्द ओलांडली, बोटीच्या पार टोकाला बसून सेल्फी काढली, आणि पोलीस अधिकारी मागून विनवण्या करत राहिले, हे अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. पुष्कळांनी नाकं मुरडली. आम्हाला त्यात वावगं काही दिसलं नाही. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या जनतेशी मोठ्यांची नाळ अजून तुटलेली नाही, याचा उलट आनंदच झाला.

आंग्रिया फार काळ चालली नाही. मग २०२१च्या सप्टेंबरात कॅरिबियन समुद्रात राबून आलेली ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटू लागली आणि मध्यमवर्गात ‘क्रूझवर वागावं कसं’ या विषयाचे जाणकार निपजले. त्यांच्याकडून कळतं की पोहण्याच्या तलावाकाठच्या आरामखुर्च्यांवर पहाटे टॉवेल टाकून ठेवायचा आणि दहा वाजता उगवायचं, हा जगभरच्या क्रूझवरचा सर्वांत मोठा तंटा आहे. त्यावर नियम आहेत, पहारे आहेत, मालक दिसला नाही तर टॉवेल उचलून नेणारे कर्मचारी आहेत. हे ऐकून मराठी माणसाला हसावं की रडावं कळत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल, पिशवी आणि प्रसंगी चार वर्षांचं पोर आत सोडून जागा धरण्यात आपल्या पिढ्या गेल्या. टॉवेल काय घेऊन बसलात?

क्रूझवरची दुसरी गोष्ट म्हणजे कवायत. बोट सुटण्याआधी सगळ्यांना एका ठिकाणी जमवून संकटात कुठे जायचं, जॅकेट कसं बांधायचं ते दाखवतात, आणि सगळे तोंडं वाकडी करून उभे राहतात. ही सक्ती उगाच आलेली नाही. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर गेली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी बोटीवर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवसावर ढकललेली होती. सगळे प्रवासी उतरण्याआधीच कप्तान सुटकेच्या होडीत दिसला. आपण घसरलो आणि नेमके त्या होडीत पडलो, असं त्याचं म्हणणं होतं. इतकी नेमकी घसरगुंडी आपल्याकडे पक्षांतराच्या मोसमातच पाहायला मिळते.

असो. तिकडची क्रूझ तिकडे. आमच्याकडे आमच्या क्रूझ आहेत. गेटवेवरून मांडव्याला कॅटामरान, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आणि रेवसला लाँच, आगरदांड्याहून दिघीला जंगल जेट्टी, राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाची होडी. मुंबई ते मांडवा तासाभराचं काम. तेवढ्या तासात मनुष्यस्वभाव जेवढा उघडा पडतो, तेवढा तिकडे चार रात्रींत पडत नसेल. तिकडे निदान दाराला कडी असलेली खोली असते.

सुरुवात लाइफ जॅकेटपासून करू. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्यानंतर गेटवेच्या बोटींत जॅकेट सक्तीचं झालं. पहिले काही दिवस बोटीत शिरलं की सगळीकडे नारिंगी. लोक गप्प, पट्टे आवळलेले, आयांनी पोरांचे पट्टे दोनदा तपासलेले. मग हळूहळू जॅकेटाचे इतर गुण लोकांच्या ध्यानात येऊ लागले. लाकडी बाकावर ते बुडाखाली घेता येतं. खिडकीशी डोकं टेकायला उशी होते. ऊन आलं की पडदा. फोटोपुरतं अंगात घालून ‘सेफ्टी फर्स्ट’ असं लिहून पाठवता येतं आणि फोटो गेला की काढता येतं, कारण नवा सदरा चुरगळतो. एक म्हातारा खलाशी फळीवरून तोल सांभाळत फिरत असतो. त्याचं पालुपद ठरलेलं: “दादा, जाकीट अंगान घालाचा, बुराखाली नाय!” दादा मान डोलावतात. खलाशी पुढे सरकला की दादा पुन्हा जाकिटावर स्थानापन्न.

मग येतात कुरव. हिवाळ्यात हे पक्षी लांबून, थंड मुलखातून, आमच्या खाड्यांवर मासे खायला येतात अशी पक्षीतज्ज्ञांची समजूत आहे. प्रत्यक्षात ते कुरकुरे खायला येतात. गेटवेचा धक्का सुटला की बोटीच्या मागे त्यांचा थवा लागतो आणि बोटीतले सगळे उदार होतात. एरवी भाजीवालीकडून कोथिंबिरीची काडी फुकट मागणारा माणूस वीस रुपयांचं पाकीट फोडून समुद्रावर उधळतो. पक्षी हवेतल्या हवेत दाणा टिपतो, टाळ्या पडतात, पाकीट वाऱ्यावर उडून पाण्यात जातं, त्याला मात्र कुणी टाळी देत नाही. मध्येच कुणीतरी ओरडतं, “डॉल्फिन!” डॉल्फिन असतो कधी, बहुतेकदा काळं बोय असतं जाळ्याचं. पण ओरडणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सगळी बोट, आजीबाई आणि सुटकेसांसकट, एका कठड्याला येऊन चिकटते. बोट कलते. तांडेल वरून शिट्टी मारतो. लोकांना वाटतं, तो डॉल्फिनला बोलावतोय.

या किनाऱ्यावरच्या माणसाला त्या कलण्याचं हसू येत नाही. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी पोचायचं होतं, त्यामुळे गर्दी तुडुंब. काशाच्या खडकाजवळ वादळात बोट एका अंगाला कलली, माणसं भेदरून एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त जीव गेले. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. पोहून आलेल्यांनी सांगितलं तेव्हा मुंबईला कळलं, तेही फार उशिरा. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या गलबतांतली मासळी समुद्रात फेकून माणसं उचलली, असं या भागात आजही सांगतात. अलिबाग तालुक्यात अशी गावं आहेत जिथे गटारीचं नाव काढलं की जुनी माणसं विषय बदलतात.

त्याच कोळ्यांच्या टोपल्या आज रेवसच्या लाँचमध्ये चढल्या की शनिवार-रविवारचे प्रवासी नाकाला रुमाल लावतात. चुकून लाँचला आलेले असतात बिचारे; गेटवेची तिकिटं संपलेली असतात. वास येतो हे खरंच. सुकट काही अत्तर नव्हे. पण हाच सद्गृहस्थ दुपारी अलिबागच्या खाणावळीत बसून वेटरला विचारणार, “पापलेट ताजं आहे ना?” ताजं आहे की नाही ते सकाळी त्याच्या बुटाला लागूनच चाललं होतं. लाँचवर पाटी कुठलीही नसते, तरी टोपल्या कुठे, मोटारसायकल कुठे, बाळंतीण कुठे, दारू प्यालेला कुठे, हे सगळं ठरलेलं असतं. ठरवते टोपलीवाली. तिचा आवाज भोंग्याच्या वर जातो. तिने “सरक गो” म्हटलं की सरकायचं, वाद नाही. क्रूझ कंपन्यांनी आरामखुर्च्यांच्या तंट्यावर लाखो रुपये खर्चण्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून दोन मावश्या नेमाव्यात. दोन दिवसांत टॉवेल घड्या घालून कपाटात जातील.

रो-रोचं सगळं निराळं. ती ग्रीसमध्ये बांधलेली, मोटारींसकट माणसं पोटात घेते. तिची सेवा सुरू झाली १५ मार्च २०२०ला, आणि दहा दिवसांत देशाला कुलूप लागलं; म्हणजे समुद्रप्रवासातला पहिला शिष्टाचार ‘एकमेकांपासून लांब राहा’ हा तिने मुहूर्तालाच शिकवला. पुढे तो कुणी पाळला नाही, हा तिचा दोष नाही. रो-रोवर कुत्र्यांनाही तिकीट असतं. अलिबागेत ज्यांचे बंगले, त्यांची कुत्री दर शुक्रवारी संध्याकाळी ठरल्या गाडीने येतात आणि आम्ही निःपक्षपातीपणे सांगतो, बोटीवरचे सर्वांत सभ्य प्रवासी तेच. रांग मोडत नाहीत, स्पीकरवर गाणी लावत नाहीत, ‘अलिबागमध्ये जागेचा भाव काय चाललाय’ हे मोठ्याने फोनवर बोलत नाहीत. त्यांचे मालक बोलतात. एक तास समुद्र समोर पसरलेला असतो आणि माणूस गुंठ्यात बोलत असतो. थंडीत येणाऱ्यांना मडक्यात शेंगा भाजून केलेली पोपटी हवी असते, ते ठीक. वाल आणि भांबुर्डा त्याच दिवसांत असतो. पण मे महिन्यात ‘आज रात्री पोपटी अरेंज होईल का’ असं विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? होईल म्हणून सांगतात लोक. होतेही. शेंगा कुठून येतात ते विचारू नये.

पावसाळ्यात कॅटामरान बंद आणि रो-रो चालू, तेव्हा मात्र सगळ्यांची प्रतवारी एक होते. खांदेरीच्या बाजूने लाट आडवी आली की बिझनेस क्लासलाही बोट लागते. मग कुणीतरी आजी पिशवीतून लिंबू काढते आणि ज्याने मघाशी तिच्या पिशवीवरून पाय टाकला होता, त्यालाच हुंगायला देते.

आता मांडवा. जेट्टी दिसायला लागते तेव्हा बोट अजून बऱ्याच अंतरावर असते. त्या क्षणी बोटीत क्रांती होते. कुणी आज्ञा देत नाही, पण सगळे एकदम उभे राहतात. बॅगा डोक्यावरून खाली येतात, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर. दाराशी ओळ लागते. ओळ कसली, गोणी भरावी तसे दाबून. स्पीकरवरून विनंती होते की बोट पूर्ण थांबेपर्यंत उतरणाऱ्यांनी बसून राहावं. ही विनंती लोक उभ्या उभ्या, अतिशय आदराने ऐकतात. गोम अशी की कॅटामरानच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. बस सगळ्यांना घेऊनच निघते. पहिला उतरलेला माणूस धावत जाऊन खिडकीची जागा धरतो आणि मग शेवटचा उतरलेला माणूस चहा पिऊन, पोराला लघवीला नेऊन, वेफर्स घेऊन सावकाश येईपर्यंत त्याच खिडकीत घामाघूम बसून राहतो. समुद्रावर वाचवलेली दोन मिनिटं तो अशी जमिनीवर, उन्हात, पंधरा मिनिटांच्या व्याजासकट फेडतो. रो-रोवर खाली मोटारींच्या मजल्यावर तर बोट धक्क्याला टेकायच्या आधीच इंजिनं घुरघुरायला लागतात. एखाद्याचा हॉर्नही वाजतो. समोर रस्ता नाही, उघडायचा दरवाजा आहे आणि त्यापलीकडे अरबी समुद्र, हे हॉर्न वाजवणाऱ्याला दिसत असतं. तरी वाजवतो. सवय.

सगळ्या रायगड किनाऱ्यावर घाई न चालणारी एकच जागा आहे, जंजिऱ्याचा दरवाजा. होडी दाराशी येते आणि लाटेबरोबर हातभर वर, हातभर खाली होत राहते. पायरीवर पाय टाकायचा तो होडी वर असताना, मावळ्यासारखा. कितीही वजनदार माणूस असो, तिथे तो मुकाट होडीवाल्याच्या हाताकडे बघत बसतो. “अजून नाय... अजून नाय... आता!” त्या ‘आता’च्या आधी उठलेल्याचं काय होतं ते पाण्याला ठाऊक. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना जो किल्ला घेता आला नाही, त्याच्या दारात पुण्याहून आलेल्या बत्तीस जणांच्या ग्रुपने रांग लावून, एकेक करून उतरायचं, हे दृश्य पाहण्यासारखं आहे. आत गेल्यावर मात्र पाऊण तासात परत या म्हणून सांगितलेलं असतं आणि मग पुन्हा सगळं मूळपदावर.

आता रेवस-करंजा पुलाचं काम हाती घेतलंय. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून हा पूल येतो आहे; आमच्यातले काहीजण त्याची वाट बघत निवृत्त झाले, काही त्याहून पुढे गेले. अटल सेतू झालाच आहे, हाही होईल. मग मंडळी मोटारीतूनच दारापर्यंत येतील, हॉर्न रस्त्यावर वाजेल, रुमाल खिशात राहील. खलाशाला घसा खरवडावा लागणार नाही. पंचाईत होईल ती कुरवांची. गाठ्या-कुरकुऱ्यांवर पोसलेल्या त्या नव्या पिढीला मासे धरण्याची शिकवणी लावावी लागेल. मास्तर रेवसला मिळतील. फी रोख, आणि पहिल्या तासाला उभं राहायचं नाही एवढीच अट.