रत्नागिरीतील स्थानबद्धता

रत्नागिरी पाहण्यासाठी हल्ली माणसे स्वखर्चाने आणि स्वखुशीने जातात, ही गोष्ट त्या शहराचा गेल्या शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास ध्यानात घेता काहीशी चमत्कारिकच म्हटली पाहिजे. ज्या काळी एखाद्या उपद्रवी असामीचे नेमके काय करावे हे इंग्रज सरकारला उमगत नसे, म्हणजे तिला मोकळे सोडणेही परवडत नसे आणि कायमचे कोठडीत डांबणेही शोभत नसे, त्या काळी सरकारचे बोट नकाशावरून फिरत फिरत, एका अंगाला सह्याद्री आणि दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र अशा बेचक्यात वसलेल्या या गावावर येऊन थांबे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची रवानगी येथे झाली. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही, या अटीवर येथेच ठेवण्यात आले. या दोघांचेही रत्नागिरीत कोणी नातेवाईक नव्हते. आमच्या सौभाग्यवतींचे आहेत. वरवर पाहता हा फरक आमच्या फायद्याचा वाटतो. तो तसा नाही, हे मला सहा दिवसांनी कळले.

शुक्रवारी जायचे आणि रविवारी परतायचे, असा आमचा बेत होता. रेल्वेने जाताना रत्नागिरीच्या थोडे अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागतो. गाडी त्यात शिरली की बाहेरचे हिरवेगार जग एकाएकी नाहीसे होते, खिडकीच्या काचेत स्वतःचाच चेहरा दिसू लागतो, आणि मनुष्य आपण कोठून आलो व कोठे चाललो आहोत अशा पारमार्थिक विचारात पडतो. मी मात्र तेथे परतीची तिकिटे खिशात आहेत ना, एवढेच चाचपून पाहिले.

स्टेशनावर मामा आले होते. सौ.चे हे मामा जिल्हा कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः निवृत्त झाली ती कचेरी, मामांचा अंमल चालूच आहे. "किती दिवसांची रजा काढलीत जावईबापू?" त्यांनी सामानाला हात घालता घालता विचारले. रविवारच्या गाडीने निघतो म्हणताच, अपुऱ्या कागदपत्रांनिशी आलेल्या अर्जदाराकडे ज्या दृष्टीने पाहत त्यांची पस्तीस वर्षे सरली, त्याच दृष्टीने त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "बघू. प्रकरण समोर येऊ दे, मग बघू."

घर जांभ्या दगडाचे, पुढे खळे, खळ्याला गडगा, गडग्यापलीकडे पाखाडी आणि पाखाडीच्या टोकाला, नारळाच्या झावळ्यांतून अधूनमधून चकाकणारी समुद्राची एक चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून पन्ह्याचा पेला रिता करणाऱ्या माणसाला आपण पहाऱ्यात आहोत अशी शंका येणे अशक्य असते. सकाळी घावन, दुपारी फणसाची भाजी आणि सोलकढी, चार वाजता आंब्याचे सांदण, रात्री कुळथाचे पिठले. आणि या चारी प्रहरांच्या मधल्या फटी बुजवण्यासाठी आंबे. मामींचा आग्रह तोंडी नसे. तोंडी आग्रहाला तोंडी नकार देता येतो. त्या मुकाट्याने वाढीत, आणि ताट रिकामे होईपर्यंत पदर सावरून समोर उभ्या राहत. हजेरी घेणाऱ्यापुढून मान खाली घालून निघून जाण्याची सोय जगातल्या कोणत्याच बंदिवानाला नसते.

शनिवारी सकाळी मामांनी थिबा राजवाडा दाखवला. उंचवट्यावरचा तो तांबूस रंगाचा, उतरत्या छपरांचा, अर्धवर्तुळाकार कोरीव खिडक्यांचा प्रासाद आणि खाली पसरलेली भाट्याची खाडी पाहून कोणाही रसिकाच्या तोंडून सहज धन्योद्गार निघावेत; माझ्याही निघाले. तेव्हा मामांनी शांतपणे सांगितले की, हा वाडा बांधून झाला तो १९१० साली. राजा आला १८८६ साली; म्हणजे स्वतःच्या घरात राहायला जाण्यापूर्वी चोवीस वर्षे त्याने दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढली. मी हळहळलो. "हळहळता कशास?" मामा म्हणाले. "जागेची निवड, नकाशे, अंदाजपत्रक, वरची मंजुरी. चोवीस वर्षे म्हणजे फार नव्हेत. आमच्या कचेरीच्या मागच्या भिंतीचे प्रकरण मी नोकरीला लागलो तेव्हा निघाले, ते अजून आहे." ज्याच्या एका शब्दावर मंडालेत माणसांची डोकी राहत किंवा जात, त्या राजाने येथे तनख्यात वाढ व्हावी म्हणून सरकारदरबारी अर्ज करीत बसावे आणि वाड्यात पुरती सहा वर्षे झाली न झाली तोच, १९१६ साली, मरून याच गावच्या मातीत जावे, हे दैवाचे खेळ खरेच, पण त्याहून विलक्षण खेळ पुढेच आहे. टिळक जन्मले या रत्नागिरीत, २३ जुलै १८५६ रोजी. दहाव्या वर्षी ते पुण्यास गेले म्हणून सुटले, असे म्हणावे, तर सरकारने त्यांना १९०८ साली धाडले कोठे? मंडालेस! मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेत, अशी ही अदलाबदल सहा वर्षे चालू होती. राजाने येथे काही ग्रंथरचना केल्याचे मात्र कोणी सांगत नाही. मामींच्या जातीच्या एखाद्या सुगरणीने त्याला त्यासाठी सवड दिली नसावी, असा माझा तर्क आहे.

रत्नागिरीत दोन समुद्र आहेत. भूगोलाची पुस्तके काहीही म्हणोत, गावाचे मत तसे आहे. मांडवीचा तो काळा समुद्र आणि किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाचा तो पांढरा समुद्र. पाणी दोहोंचे एकाच रंगाचे असते, वाळू तेवढी निराळी. परंतु मामांच्या दप्तरात त्यांची खाती स्वतंत्र होती आणि एका समुद्रावर जाऊन आल्याने दुसऱ्याची भेट माफ होत नव्हती. रत्नदुर्गावर भगवतीचे दर्शन घेऊन तटावर उभा राहिलो असता खाली मिरकरवाड्याच्या बंदरात लागलेली मचव्यांची दाटी, तिकडून वाऱ्याबरोबर येणारा सुकत्या मासळीचा भरजरी वास आणि समोर आभाळाला जाऊन भिडलेले ते निळे अफाट असे सारे एकवटून मनाला जे काही होते, त्याचे वर्णन करण्याचा माझा मनोदय होता. पण तेवढ्यात मामांनी घड्याळ काढले.

दुपारनंतर गणपतीपुळे. वाटेत आरे-वारेच्या चढावर रस्त्याला वळण लागते आणि दोन्ही किनारे एकदम पायाशी येतात, तेथे रिक्षावाल्याने न सांगता रिक्षा थांबवली. या एका कृत्याबद्दल त्याला दहा रुपये अधिक देण्याची माझी तयारी होती, त्याने वीस मागितले. पुळ्याला गणपतीच्या मागचा अख्खा डोंगरच देवाचे रूप मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा गाभाऱ्याला न घालता डोंगराला घालावी लागते, आणि ती जवळजवळ एक किलोमीटर भरते. आदल्या दिवसापासून पोटात साठत गेलेल्या सांदणांसह ती करणे हा भक्तीपेक्षा प्रायश्चित्ताचा भाग होता. देव पश्चिमाभिमुख असून त्याला पश्चिमेची द्वारदेवता म्हणतात, ही माहिती मामांनी दिली. म्हणजे येथला देवही पहाऱ्यावरच होता तर! माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

रविवारी सकाळी मी पेटी भरायला घेतली. मामा खळ्यात उभे राहून झेल्याने आंबे उतरवीत होते. "रविवारच्या गर्दीत बायकामाणसाला घेऊन निघतो कोण?" ते वर बघतच म्हणाले. हे रास्त होते. सोमवारी सोमवती अमावास्या निघाली. मंगळवारी भाचीला आजोळाहून वाटेला लावायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती. मी सौ.कडे अपिलात गेलो. तेथे असे कळले की, खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाने आधीच, आणि तोही आनंदाने, कायम केला आहे. बुधवारी मी बराच जोर करून कपडे चढवले. मामांनी काही न बोलता मला माजघरापलीकडच्या काळोख्या खोलीत नेले आणि पेंढ्याची आढी उकलून दाखवली. आत ओळीने मांडलेले हापूस अजून कडेने हिरवे होते. "उद्या होतील," ते म्हणाले. "आज नेलेत तर मुंबईत पोचून पिकतील, पण त्यांना घरचे म्हणता यायचे नाही." यावर काय बोलणार? पिकलेल्या आंब्याची मुदत ठरवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.

त्या मिळालेल्या बुधवारी मात्र मी एकटाच गावात हिंडलो आणि १९३१ साली उघडलेल्या पतितपावन मंदिरात बराच वेळ बसलो. ज्याला जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची बंदी होती त्याने, भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने, ज्यांना देवळात पाऊल टाकायची बंदी होती त्यांच्यासाठी हे देऊळ उभारले. बाहेर ऊन मी म्हणत होते, आत फरशी गार होती, आणि पुजारी सोडला तर तेथे कोणी नव्हते. सहा दिवसांत कोणी आग्रह न करता मी बसून राहिलो असा हा एकच तास.

गुरुवारी सुटका झाली. मामा फलाटावर आले, दोन पेट्या स्वतःच्या हाताने बाकाखाली सरकवल्या, तिसरी माझ्या मांडीवर ठेवली, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला हात लावून उभे राहिले. पुढच्या मे महिन्यातल्या तारखा त्यांनी तेव्हाच नोंदवून घेतल्या.

कचेरीत रजेचा अर्ज उशिराने भरताना कारणाच्या रकान्यात 'आंबे पिकले नव्हते' असे लिहिणे धाडसाचे वाटले, म्हणून 'प्रकृती अस्वास्थ्य' असे लिहिले, आणि वजनकाट्याच्या साक्षीने ते खोटेही नव्हते. साहेबांनी अर्ज त्याच दिवशी मंजूर केला. त्यांच्या घरी पोचवलेल्या दीड डझन हापूसांचा या मंजुरीशी काही संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.