दुभती गाय हवी, लाथ नको

अमेरिकी विमान कंपन्यांना लष्करात तयार झालेला वैमानिक फार आवडतो. का नाही आवडणार? शिकवला सरकारने, इंधन जाळलं करदात्यांच्या पैशाने. कंपनी आयत्या बिळावर नागोबा. २०१३पासून तिथे सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांचं उड्डाण लागतं. लष्करी वैमानिकाला ७५० तासांत सवलतीचा परवाना मिळू शकतो. नागरी पोरगा मात्र कर्ज काढून शिकतो आणि मग नवशिक्यांच्या शेजारी, छोट्याशा विमानात, जीव मुठीत धरून तास मोजत बसतो.

गोची एवढीच, की हा लष्करी गडी राखीव दलात असेल तर मधेच बोलावणं येतं आणि तो गणवेश बदलून निघतो. १९९४च्या कायद्यानुसार त्याची नोकरी राखायची, वर ज्येष्ठताही. या धंद्यात ज्येष्ठता म्हणजे सगळंच: मार्ग, सुट्ट्या, कॅप्टनची खुर्ची. त्यामुळे विमानात चढताना गणवेशाला पहिला मान देणारी कंपनी ड्युट्या लावताना कपाळाला हात लावते. बरं, राखीव दलात आहे म्हणून नोकरीच नाकारायची, तर तीही सोय त्याच कायद्याने ठेवलेली नाही.