करंट येतोय का?

अण्णा लुना चालवतात असं कुणी म्हणालं, तर त्याने अण्णांना पाहिलेलंच नाही. अण्णा लुना उघडतात. 1972 साली कायनेटिकने ही पेडलवाली 50 सीसीची गाडी बाजारात आणली आणि बघता बघता महाराष्ट्राने तिच्यावर दुधाचे कॅन, गॅसचे सिलिंडर, मागे बायको नि पुढे उभं पोर असा सगळा संसार लादला. अण्णांची तिच्याकडून अपेक्षा एकच, तिने अधूनमधून बंद पडावं.

बंद पडलेल्या गाडीचा मेकॅनिक आधी प्लग बदलतो, मग कार्ब्युरेटर उघडतो, मग पैसे मागतो. अण्णांना हा क्रमच मान्य नाही. ‘आधी करंट बघ!’ प्लग काढायचा, कॅपमध्ये अडकवून हेडला टेकवायचा आणि दुसऱ्याने पेडल मारायचं. दुसरा म्हणजे फाटकातून आत येईल तो. थोरले जावई लग्नानंतर पहिल्यांदा आले ते थेट पेडलवर बसले. ठिणगी निळी पडली की अण्णांचा चेहरा उतरतो, पिवळट पडली की खुलतो.

मग पॉलिश पेपर निघतो आणि पॉइंट घासले जातात. पॉइंटची फट साधारण 0.4 मिलिमीटर हवी. ती मोजायला अण्णा लग्नपत्रिकेचा तुकडा वापरतात, त्यामुळे कुणाचीही पत्रिका आली की नाव वाचण्याआधी जाडी बघतात. घासताना व्याख्यान चालूच. ‘पॉइंट उघडला की कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं, आणि त्यातून हजारो व्होल्ट उभे राहतात!’

‘अहो, एवढे व्होल्ट उभे राहतायत तर त्यावर मिक्सर फिरवा,’ काकू आतून म्हणतात.

मिक्सर फिरत नाही, कारण त्याची वायर हॉर्नला गेली आहे. हेडलाइटला दारावरच्या घंटीची वायर आहे. घंटी वाजत नाही, म्हणून पाहुणे थेट आत येतात आणि पेडलवर बसतात.

पण श्रेय द्यायचं तिथे द्यायलाच हवं. गाडीचा खरा आजार अण्णांनीच पकडला. सकाळी पहिल्याच पेडलला सुरू व्हायची, दोनेक किलोमीटर गेलं की एकदम गप्प. टपरीवर चहा होईपर्यंत थांबलं की पुन्हा सुरू. कॉइल तापली की आतल्या बारीक तारेचा तुटका सांधा सुटायचा आणि निवली की जुळायचा. मेकॅनिक फसत राहिले, कारण गाडी ढकलत त्यांच्या दारी नेईपर्यंत कॉइल निवलेली असायची. अण्णांनी कॉइल काढली, पोळ्या उरकल्यावर कोमट तव्यावर ठेवली आणि मीटर लावला. काटा थरथरला आणि सरळ अनंतावर जाऊन बसला. अण्णा एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे धावत आले. काकूंनी दुसऱ्या दिवशी नवा तवा आणला.

नवी कॉइल बसली, लुना चालू लागली आणि अण्णांचं जेवण कमी झालं. संध्याकाळी फाटकात उभे राहून ते जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. ‘मिसिंग आहे हो तुमच्यात,’ असं पेपरवाल्याला सांगून त्याची चालू मोपेड त्यांनी उघडली. पेपर त्या दिवशी दुपारी आला.

2024 मध्ये लुना बॅटरीवर चालणारी होऊन परत आली. मुलगा हौसेने दाखवायला घेऊन गेला. अण्णांनी खाली वाकून, गुडघे टेकून सगळं तपासलं. पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही, प्लग नाही. ‘मग ही बंद पडल्यावर माणसाने करायचं काय?’ एवढं विचारून ते रिक्षा शोधायला लागले.

तेव्हा तुमच्या माळ्यावर जुन्या मोपेडची कॉइल किंवा मॅग्नेटोची प्लेट पडली असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका, अण्णांना आणून द्या. फक्त येताना आपली गाडी कोपऱ्यावरच लावा आणि पुढे चालत या. गाडी चांगली चालत असेल तर नक्कीच.