सिस्टर, योग्य मार्गे या!

आमच्या आळीतल्या सिस्टरनी नर्सिंगमध्ये पीएच.डी. करायचं ठरवलं, ही बातमी पेणभर पसरायला अर्धा दिवस लागला. पचायला अजून लागतोय. ‘डॉक्टरच व्हायचं होतं तर आधी नर्स कशाला झाली?’ हा पहिला प्रश्न. पोह्यांच्या दुकानदारांनी तर तपासणीची फी किती ठेवणार, हेही विचारून घेतलं.

बाईंची बी.एस्सी.ची चार वर्षं झाली, एम.एस्सी.ची दोन झाली, आणि नोकरी रोह्याला, म्हणजे मेमूच्या वेळापत्रकावर संसार. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम त्यांना तोंडपाठ आहेत. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत. प्रवेश परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. प्रबंधाला किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना वर दोन वर्षांची सवलत. बाईमाणसाला संशोधन करता करता भाकऱ्याही थापाव्या लागतात, हे आयोगाला कळलंय तर! मुदतीची अट वाचून मात्र हेवा वाटला. २०११ पासून रुंद होत असलेल्या आमच्या मुंबई-गोवा महामार्गाला अशी अट कुणी घातली नाही.

अडलं ते ‘ना हरकत’पाशी. अर्ज ‘योग्य मार्गे’ गेला पाहिजे. योग्य मार्ग म्हणजे आवक खिडकी, मग बाबू, मग बाबूंची रजा, मग ‘साहेब मीटिंगला गेलेत’. बाबूंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, ‘‘सिस्टर, तुम्ही अभ्यासाला बसलात तर वॉर्ड कोण बघणार?’’ प्रश्न रास्त आहे. साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. इथे रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीच्या गळ्यात. ती गेली तर वॉर्ड बसेल, हे सगळ्यांना मान्य. तरीही तिला वॉर्डातल्या कामाचा अनुभव आहे, याचा दाखला वेगळा जोडायचा, साक्षांकित करून, तीन प्रतींत.

आता विषय. सिस्टरच्या मनात एकच प्रश्न वर्षानुवर्षं घोळतोय: साप चावलेला माणूस कातकरी वाडीवरून रुग्णालयात इतक्या उशिरा का पोचतो? भगताकडे किती वेळ जातो, गाडी शोधण्यात किती, आणि पहिल्या दवाखान्याने ‘पुढे न्या’ म्हटल्यावर किती? एका अनुभवी जाणकारांनी आराखडा वाचला आणि प्रेमाने दुरुस्त केला. नवा विषय: ‘रोहा तालुक्यातील निवडक गावांतील निवडक महिलांच्या सर्पदंशविषयक ज्ञानावर संरचित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता’. म्हणजे आधी प्रश्नावली भरून घ्यायची, मग अर्धा तास तक्ते दाखवून शिकवायचं, मग तीच प्रश्नावली पुन्हा. गुण वाढतात. पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की पेढे. शिकवल्यावर माणसाला आधीपेक्षा जास्त कळतं, हा शोध आपल्या नर्सिंग कॉलेजांच्या ग्रंथालयांत थप्पीने रचलेला आहे. साप चावलेला माणूस तोवर डोलीतच.

याच रायगडात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचू चावलेल्यांच्या उशाशी रात्री जागून त्यांनी नाडी मोजली, नोंदी ठेवल्या, पुढे प्राझोसिन वापरून माणसं वाचवली, आणि ते सगळं ‘लॅन्सेट’पर्यंत पोचलं. आज त्यांनी आराखडा दिला असता तर समितीने विचारलं असतं: विंचू निवडक आहेत का? त्यांची संमतिपत्रं कुठे आहेत?

उशाशी रात्र काढणं हे तर सिस्टरचं रोजचंच काम. फक्त त्या नोंदींना आपण संशोधन म्हणत नाही, ‘रिपोर्ट लिहिला का?’ म्हणतो. आणि उद्या पदवी मिळालीच, तर ती कॉलेजात शिकवायला कामी येईल. वॉर्डात त्यांना पूर्वीसारखीच हाक येणार, ‘‘ओ सिस्टर, सलाईन संपलं!’’

अर्ज सध्या एका टेबलावर आहे. त्या टेबलामागच्या साहेबांना विनंती: पावसाळा तोंडावर आलाय, बिळांत पाणी शिरलं की साप बाहेर येतील. सही करा, आणि विषय जुनाच राहू द्या.