दुकानातला संगणक आणि झेंडूची माळ

पावसाळ्याआधी हरसूलच्या बाजूला राब भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, गवत असं एकावर एक पसरायचं, वर माती टाकायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवून द्यायचं. त्या भाजलेल्या जागेत नागलीची आणि भाताची रोपं जोमानं येतात. राख बरीचशी शेतातच राहते. उरलेली बाजाराकडे येते आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात मुक्काम ठोकते.

हे मला कळतं, कारण तो संगणक उघडायचं काम माझ्याकडे असतं. शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत सगळं 'सरांना कळतं', असा गावाचा समज आहे. तो खोडून काढावा असं मला अजून तरी वाटलेलं नाही.

जून उजाडला की उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला काढायला पोरं आणि त्यांचे आईबाप दुकानात दाटी करतात. नेमका तेव्हाच संगणक तापतो. आधी पंखा घरघरतो, मग माउसचा बाण अडखळायला लागतो, आणि फॉर्मचं शेवटचं पान भरत आलं की पडदा काळा. दुकानदार अजिबात न गडबडता म्हणतो, "तापलाय. चहा घेऊन या तोवर." लोक चहा घेऊन येतात. हॉटेलवाल्याची या आजाराबद्दल काहीच तक्रार नाही.

खरं तर प्रोसेसर समंजस असतो. प्रमाणाबाहेर तापला की तो आपणहून वेग कमी करतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर जळून जाण्याआधी सगळं बंद करून गप्प बसतो. आमच्या स्टाफरूममध्ये ही सोय असती तर बऱ्याच सभा वेळेत संपल्या असत्या.

उष्णतेनं भल्याभल्यांना नमवलंय. २००४ साली इंटेलला चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ काढायचा बेत गुंडाळावा लागला. वेग वाढवावा तशी वीज आणि उष्णता हाताबाहेर चालली होती. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत गुडघे टेकून, गमतीत का होईना, माफी मागितली. त्याच्याही आधी, १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' सुरू झाला, तेव्हा गोष्ट उलटी होती. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि नळीचं असं की आतली तार तापल्याशिवाय ती कामच करत नाही. त्या काळी थंड पडलेला संगणक म्हणजे बंद संगणक. आमच्या दुकानदाराला ही माहिती दिली तर तो लगेच म्हणाला, "मग आपला त्याच खानदानातला."

या संगणकावर दुकानात माया कमी नाही, फार आहे. त्याच्यासाठी भरतकाम केलेलं कापडी कव्हर शिवलंय, आणि धूळ बसू नये म्हणून ते मशीन चालू असतानाही अर्धं अंगावर असतं. दसऱ्याला हळद-कुंकू वाहतात. झेंडूची माळ बरोबर मागच्या जाळीवर येते, जिथून गरम हवा बाहेर पडायची असते, आणि उदबत्ती पुढच्या जाळीपाशी, जिथून गार हवा आत जायची असते. यंदा ताप वाढला तेव्हा एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला होता. त्यानं रस्त्यावरची उरलीसुरली राखही आत नेऊन पोचवली.

शेवटी वायरी कुठं कुठं लागतात त्याचा मोबाइलवर फोटो काढून मी संगणक ओट्यावर आणला. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर धुळीची अक्षरशः वाकळ पसरली होती. ती चिमट्यानं उचलली तर अख्खी निघाली: वर राबाची राख, तिच्याखाली नागलीचा कोंडा, मध्येच पिवळी हळद, एक मुंगळा, आणि गेल्या दसऱ्यातली झेंडूची पाकळी. पंखा ब्रशनं झाडला. ब्लोअर मारताना पंख्यात काडी अडकवून ठेवावी लागते, नाहीतर तो वाऱ्यानं भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

पंख्याचे चारी पाय सैल करून खालचा पात्यांचा हीटसिंक उचलला. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. बोट लावलं की भुगा. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये बारीक फटी राहतात, फटींत हवा, आणि हवेतून उष्णता सहजी पुढं सरकत नाही. पेस्टनं त्या फटी बुजवायच्या, एवढंच तिचं काम. मी जुनी पुसून तुरीच्या डाळीएवढा ठिपका ठेवला. दुकानदाराला ते बघवेना. "सर, अजून घाला की. पैशाकडं बघू नका." जाड थर उष्णतेला उलट अडवतो, हे त्याला पटवायला मला हीटसिंक बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मशीन चालू केलं. आधी नव्वदीच्या पुढं असणारा तापमानाचा आकडा पन्नाशीच्या आसपास थांबला. पंख्याचा आवाज जवळजवळ नाहीच. तेवढ्यात नातवाच्या दाखल्यासाठी एक आजी आल्या आणि बाकावर टेकल्या. थोडा वेळ कान देऊन बसल्या.

"लाइट गेली का रं?"

"आहे ना, आजी."

"मग मशीन का वाजंना?"

"चालू आहे. दुरुस्त केलंय."

आजींनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, नातवाचा हात धरला आणि समोरच्या दुकानात गेल्या. तिथला संगणक रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"सर," दुकानदार म्हणाला, "थोडा आवाज राहू द्यायचा होता."