इंग्रजी अर्जातील मोठी अक्षरे : माहुलच्या अर्जदारांस मार्गदर्शन

देवनागरीत अक्षरांना दर्जा नाही. ‘क’ कमिशनरसाहेबांच्या हुद्द्यात आला काय किंवा कचऱ्यात आला काय, त्याची उंची तेवढीच राहते. आणि मोडीनेही दप्तरांतून श्रीमंतांना व त्यांच्या पागेतल्या शिंगरांना एकाच रेषेखाली वागविले. ही समता अंगवळणी पडलेला मुंबईतल्या माहुलचा रहिवासी जेव्हा इंग्रजी अर्ज लिहावयास बसतो, तेव्हा कोणास ‘कॅपिटल’ द्यावे या प्रश्नाने त्याची मती कुंठित होते. त्याच्या सोयीसाठी हे विवेचन.

विशेषनामाचे आद्याक्षर मोठे, सामान्यनामाचे लहान, हा मूळ कायदा. ‘माहुल’ अर्थातच मोठ्या एमने. खाडी एरवी लहान; परंतु माहुलच्या नावामागोमाग आली की तीही मोठी होते आणि पुढच्या वाक्यात एकटी सापडली की पुन्हा लहान. महिने मोठे, ऋतू लहान. म्हणजे जूनला मान आहे, जूनमध्ये घरात शिरणाऱ्या पावसाला नाही. कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलास इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात. त्यातील शहर मोठ्या अक्षराचे, बदक लहान अक्षराचे. शहराचे नाव 1995 साली बदलले, याची दखल त्या माशाने अद्याप घेतलेली नाही. उच्च न्यायालयानेही घेतलेली नाही, सबब माशास दोष देता येत नाही.

खाडीच्या चिखलातला शिंपला लहान एसने लिहावा; मात्र 1955 साली येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालू करणाऱ्या बर्मा शेल कंपनीच्या नावातला शिंपला मोठ्या एसने. 1976 साली सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली व पुढे ती भारत पेट्रोलियम झाली, तरी मोठ्या अक्षरांच्या मानात खंड पडला नाही. माहुल व आंबापाडा येथील हवेपासून आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली नमूद केले. अर्जात लवाद मोठ्या अक्षरांनी लिहावा, खोकला लहान.

हुद्दा नावापूर्वी आला तर मोठा, एरवी लहान, असे व्याकरणाची पुस्तके सांगतात. परंतु त्या आधारावर साहेबांचा हुद्दा लहान अक्षराने लिहून अर्ज दाखल करील असा माईचा लाल आमच्या पाहण्यात नाही. ‘आय’, म्हणजे ‘मी’, वाक्याच्या मध्यावरही मोठाच असतो, पण ‘आम्ही’ लहान. चाळीस जणांनी मिळून सह्या केल्या की सगळेच एकदम लहान होतात; आणि एकट्याने केलेला अर्ज मोठ्या अक्षराचा असूनही टपालखान्यापुढे सरकत नाही.

सर्वांत थोर अपवाद मात्र या वस्तीच्याच वाट्यास आला आहे. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून 2017 पासून ज्यांना येथील इमारतींत आणून ठेवले, ती वास्तविक सामान्य माणसे. ‘प्रोजेक्ट’, ‘अफेक्टेड’ आणि ‘पर्सन’ हे तिन्ही शब्दही व्याकरणदृष्ट्या सामान्यच. तरी सरकारी कागदावर त्यांची तिन्ही आद्याक्षरे मोठी होऊन ‘पीएपी’ अशी पदवी सिद्ध झाली आहे. घराचा ताबा, पाणी, शाळा यांपैकी कशासाठीही अर्ज करताना ही पदवी लहान अक्षरांत लिहू नये. अर्ज कोणत्या फायलीत जावयाचा हे तीवरूनच ठरते.

इतक्या उपर संभ्रम राहिल्यास ‘ब्लॉक लेटर्स’चा छापील नमुना मागून घ्यावा. त्यात खोकल्यासह सर्व शब्द मोठेच असतात. चौकटी मोजक्या असतात. त्या अपुऱ्या पडल्यास पत्ता तोडावा, साहेबांचा हुद्दा तोडू नये.